बेलग्रेडची बाहुली

चेक भाषेत ‘पानेंका’ म्हणजे बाहुली. लहान मुलं खेळतात ती. प्रागमध्ये २ डिसेंबर १९४८ रोजी जन्मलेल्या एका मुलाचं हे आडनाव होतं. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. ज्यांच्या गावात लांडगे, वाघमारे आणि दहीभाते एकाच आळीत सुखाने नांदतात, त्यांनी बाहुलीला कशाला हसावं? पण या आडनावाचं पुढे जे झालं ते फार थोड्या आडनावांच्या वाट्याला येतं. ते जगभरच्या फुटबॉलच्या बोलीत सामान्य नाम होऊन बसलं. स्पेनमधला समालोचक ते उच्चारतो, मोरोक्कोतला पोरगा ते उच्चारतो, आणि रात्री दीड वाजता टीव्हीसमोर जागणारा आपल्याकडचा फुटबॉलवेडाही ‘पानेंका मारली!’ म्हणून ओरडतो. मराठीत आल्यावर शब्द आपसूक स्त्रीलिंगी झाला. मूळची बाहुलीच ती, त्यामुळे ते शोभलंही.

शब्दाचा अर्थ सांगायला सोपा आहे. पेनल्टी घेणारा खेळाडू जोरात धावत येतो. अंगाचा सगळा आविर्भाव सणसणीत फटका हाणण्याचा. गोलरक्षक एक बाजू मनाशी ठरवून त्या बाजूला झेपावतो. आणि ऐन वेळी हा पठ्ठ्या बुटाचं टोक चेंडूखाली घालून तो हलकेच उचलतो. चेंडू एखादं पीस तरंगत जावं तसा, गोलरक्षक मघाशी उभा होता त्याच जागेवरून, गोलच्या मधोमध जाळ्यात पडतो. गोलरक्षक जमिनीवर आडवा पडून ते पाहत असतो.

आज हा शब्द ऐकला की लोकांच्या मनात उद्धटपणा, नखरा, जुगार असं काहीबाही येतं. ‘एवढ्या मोठ्या सामन्यात पानेंका?’ या प्रश्नातच अर्धी शिवी असते. गंमत अशी की ज्याच्या नावाने ही किक ओळखली जाते, त्याला ती यातली काहीच वाटत नव्हती. आंतोनीन पानेंकाने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की, गोल करण्याचा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणून त्याने ती निवडली. जगाने जिला धाडस म्हटलं, ती त्याच्या लेखी काटकसर होती. शब्दाच्या जन्मदात्याचा अर्थ आणि जगाने लावलेला अर्थ यांत एवढं अंतर कसं पडलं, त्याची ही हकिगत.

* * *

प्रागच्या व्रशोवित्से भागात बोहेमियन्स नावाचा क्लब आहे. त्याच्या चिन्हावर कांगारू आहे. १९२७ साली हा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, तिथे त्याला दोन जिवंत कांगारू भेट मिळाले, आणि ते प्रागच्या प्राणिसंग्रहालयाला देऊन झाल्यावर क्लबच्या छातीवर कांगारू कायमचा बसला. स्पार्टा आणि दुक्ला ही प्रागमधली बडी घराणी. बोहेमियन्स म्हणजे वस्तीचा, जिव्हाळ्याचा, जेतेपदाशी फारशी ओळख नसलेला संघ. पानेंका तिथे १९६७ पासून खेळत होता. मधल्या फळीतला खेळाडू. धावण्यात मंद, अंगाने आडदांड नाही, पण चेंडू कुणाच्या पायाशी कधी पडायला हवा हे दोन पावलं आधी ओळखणारा. फ्री किकवर त्याचा विशेष हात, म्हणजे पाय.

सराव संपला की तो आणि क्लबचा गोलरक्षक झ्देन्येक ह्रुश्का मैदानावर मागे रेंगाळत आणि पेनल्टीचा खेळ मांडत. पैज कधी बिअरची, कधी चॉकलेटची, कधी चार पैशांची. ह्रुश्का चांगला गोलरक्षक होता, त्यामुळे पानेंकाचा खिसा हलका होऊ लागला. हरलेला माणूस रात्री विचार करतो. पानेंकाच्या लक्षात आलं की गोलरक्षक शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो, मग एका बाजूवर डाव लावून झेपावतो. चेंडू जोरात मधोमध मारला तर झेपावता झेपावता त्याचा पाय किंवा हात आडवा येऊ शकतो. पण चेंडू सावकाश गेला तर? तोवर तो जमिनीवर पडलेला असणार, आणि एकदा हवेत झेपावलेला माणूस अर्ध्यातून परत फिरू शकत नाही.

म्हणजे पेनल्टीचं सगळं गणितच उलटं झालं. तोवर सगळे वेगाच्या मागे होते. इथे मंदपणा हेच हत्यार होतं. अट एकच: शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्याला वाटलं पाहिजे की आता तोफ सुटणार. धाव लांब हवी, वेगाची हवी. नजर, खांदे, कंबर सगळ्यांनी मिळून खोटी साक्ष द्यायला हवी. आपल्या कबड्डीत आणि खो-खोत याला हूल देणं म्हणतात. हूल पायाने देतात असं आपण समजतो, पण ती खरी दिली जाते डोळ्यांनी.

ह्रुश्कासमोर ती चालली, आणि हरलेली चॉकलेटं परत येऊ लागली. इतकी, की आपण त्यावर अंगाने सुटलो, असं पानेंका पुढे हसत सांगायचा. मग त्याने ती आधी साध्या मैत्रीपूर्ण सामन्यांत वापरून पाहिली, नंतर लीगमध्ये. दोनेक वर्षं हे चाललं. १९७६ च्या युरोपियन स्पर्धेच्या थोडंच आधी त्याने लीगच्या सामन्यात दुक्ला प्रागच्या इवो व्हिक्टरला असंच चकवलं. हा व्हिक्टर राष्ट्रीय संघाचाही गोलरक्षक होता. म्हणजे अख्ख्या चेकोस्लोव्हाकियाला ही युक्ती ठाऊक होती. फक्त ती देशाच्या सीमेबाहेर गेली नव्हती. टीव्हीवर एकमेकांच्या लीग पाहण्याची सोय नव्हती, आणि लोखंडी पडद्याच्या अलीकडचं पलीकडे सहसा जात नसे. आज असं गुपित आठवडाभरही टिकलं नसतं.

* * *

पण ही युक्ती अंतिम सामन्याच्या अखेरच्या क्षणाला उपयोगी पडायची तर तसा क्षण असायला हवा होता. १९७६ पर्यंत तो फुटबॉलमध्ये नुकताच आला होता.

पेनल्टी किक जुनी आहे, आणि ती एका गोलरक्षकाच्या डोक्यातून निघाली हे ऐकून गोलरक्षकांना आजही वाईट वाटत असेल. आयर्लंडच्या आर्मा परगण्यात मिलफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या लिननच्या गिरणीमालकाचा मुलगा विल्यम मॅक्रम गावच्या संघाचा गोलरक्षक होता. गोल होणार असं दिसलं की बचाव करणारे खुशाल समोरच्याला लाथ घालून पाडत, हे त्याला पाहवेना. त्याने शिक्षेची सूचना मांडली. इंग्लंडातल्या प्रतिष्ठितांनी ती हसण्यावारी नेली. सभ्य माणूस मुद्दाम लबाडी करील हे गृहीत धरणंच त्यांना अपमानास्पद वाटत होतं. शेवटी १८९१ मध्ये नियम झाला. सुरुवातीला चेंडू ठेवायला ठिपकाही नव्हता. गोलपासून १२ यार्डांवर एक रेषा होती, तिच्यावर कुठेही ठेवा. गोलरक्षकाला पुढे येण्याचीही मुभा होती. ती नंतर गेली आणि तो रेषेला खिळला. उरलं ते आजचं चित्र: ११ मीटर अंतर, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच चौकट, आणि तिच्यात एकटा माणूस.

बरोबरी सुटली नाही तर पेनल्टीवर निकाल लावायचा, ही मात्र फार नंतरची गोष्ट. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला आणि निकाल लागला नाणं उडवून. इटली अंतिम फेरीत गेली, आणि जिंकलीही. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाशी बरोबरीत सुटून चिठ्ठ्यांवर बाहेर पडला. इस्रायलच्या योसेफ दागान यांना ते जिव्हारी लागलं, आणि त्यांनी पेनल्टीच्या पाच-पाच फेऱ्यांची कल्पना पुढे रेटली. १९७० मध्ये ती नियमपुस्तकात आली. पण कुठल्याही मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना तोवर तशा रीतीने सुटलेला नव्हता.

* * *

१९७६ च्या युरोपियन स्पर्धेचे शेवटचे चार सामने युगोस्लाव्हियात झाले. चार संघ: यजमान युगोस्लाव्हिया, जगज्जेता पश्चिम जर्मनी, क्रॉइफचा नेदरलँड्स, आणि ज्याच्याबद्दल कुणाला फारशी आशा नव्हती तो चेकोस्लोव्हाकिया. प्रशिक्षक वात्स्लाव येझेक आणि त्यांचे सहायक योझेफ व्हेंग्लोश यांनी हा संघ बांधला होता. पात्रता फेरीतल्या पहिल्याच सामन्यात तो वेम्बलीवर इंग्लंडकडून ३-० असा हरला होता. मग बरोबर एक वर्षाने ब्रातिस्लाव्हात त्याने इंग्लंडला २-१ असं परतवलं. उपांत्यपूर्व फेरीत समोर होता सोव्हिएत संघ.

सोव्हिएत संघाशी झालेली ही लढत नुसती फुटबॉलची नव्हती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा पानेंका १९ वर्षांचा होता. त्यानंतरच्या काळाला सरकारने ‘सामान्यीकरण’ असं गोंडस नाव दिलं होतं: तोंड मिटून कामावर जायचं, सभेला टाळ्या वाजवायच्या, आणि मनातलं स्वयंपाकघरात बोलायचं. अशा देशाने ब्रातिस्लाव्हात सोव्हिएत संघाला २-० असं हरवलं आणि कीव्हमध्ये २-२ अशी बरोबरी केली. रस्त्यावर काय बोलायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मैदानावरच्या गोलला टाळी वाजवायला बंदी नव्हती.

झाग्रेबमध्ये पावसाने चिखल झालेल्या मैदानावर उपांत्य सामना नेदरलँड्सशी झाला. पानेंकाच्या फ्री किकवर कर्णधार आंतोन ओंद्रुशने डोक्याने गोल केला, आणि उत्तरार्धात त्याच ओंद्रुशने चेंडू आपल्याच जाळ्यात मारून हिशेब सारखा केला. जादा वेळेत दोन गोल करून चेकोस्लोव्हाकिया ३-१ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी यजमानांविरुद्ध २-० असा मागे पडला आणि तिथून ४-२ असा जिंकला. डीटर म्युलर हा पोरगा देशासाठी पहिल्यांदाच उतरला होता. बदली म्हणून आला आणि तीन गोल करून गेला. मेलेला सामना जिवंत करायचा तर जर्मनांनीच, अशी त्यांची ख्याती होती.

अंतिम सामना २० जून १९७६ रोजी बेलग्रेडच्या रेड स्टार मैदानावर झाला. यजमान आधीच बाहेर पडल्यामुळे त्या प्रचंड मैदानात जेमतेम ३१ हजार लोक आले. बरोबरी झाली तर दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवायचा असं मुळात ठरलं होतं. मोसम लांबलेला, खेळाडूंच्या सुट्ट्या खोळंबलेल्या. म्हणून सामन्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी ठरवलं की गरज पडली तर पेनल्टीवर निकाल लावू. या बदलासाठी पुढाकार जर्मनांचा होता.

आठव्या मिनिटाला यान श्वेहलिकने गोल केला, पंचविसाव्या मिनिटाला कारोल दोबियाशने दुसरा. तीनच मिनिटांनी म्युलरने एक परत केला. मग तासभर चेकोस्लोव्हाकियाने ती एका गोलची आघाडी उराशी धरून ठेवली. व्हिक्टर त्या रात्री भिंतीसारखा उभा होता. सामना संपायला मिनिटभर असताना कॉर्नर आला, बेर्न्ड ह्योल्त्सेनबाइनने उंच उडी मारली, आणि २-२. जर्मनांनी पुन्हा तेच केलं होतं. जादा वेळेत काही घडलं नाही.

* * *

पेनल्टीच्या रांगेत पहिला गेला मारियान मास्नी: गोल. बोनहोफ: गोल. नेहोदा, फ्लोहे, ओंद्रुश, बोंगार्त्स: सगळ्यांचे गोल. चौथ्या फेरीत युर्केमिकने मारला आणि ४-३ झालं. मग उली होनेस आला. दोन वर्षांपूर्वी विश्वचषक जिंकलेल्या संघातला हा तरुण. त्याने पूर्ण ताकदीने मारलेला चेंडू चौकटीच्या आडव्या दांडीवरून वर गेला, आणि वरच जात राहिला. तो चेंडू बेलग्रेडच्या आकाशात अजून शोधताहेत, असा विनोद जर्मनीत पुढे वर्षानुवर्षं चालला.

आता पाचवी फेरी. गोल झाला की चेकोस्लोव्हाकिया विजेता. ठिपक्याकडे निघाला मिशीवाला पानेंका.

त्याने काय करायचं ठरवलं आहे हे व्हिक्टरला माहीत होतं. दोघं एकाच खोलीत राहत, आणि आदल्या दिवसांत यावर त्यांचं बोलणं झालं होतं. फसलास तर खोलीत घेणार नाही, असं व्हिक्टरने बजावलं होतं. थट्टेतलं असलं तरी त्यात खोल काळजी होती, कारण फसण्याची किंमत खोलीबाहेर झोपण्यापुरती नव्हती. जगज्जेत्यांसमोर, टीव्हीवर, देशाच्या नावाने असा पोरखेळ करून हरला असता तर सरकारने त्याला व्यवस्थेची टिंगल समजलं असतं. पुढची कित्येक वर्षं कारखान्यात किंवा खाणीत गेली असती, असं पानेंका स्वतःच नंतर सांगत असे. तसं घडलं असतंच की नाही, हा प्रश्न वेगळा. पण त्या काळच्या माणसाला ते सहज शक्य वाटत होतं, एवढं त्यातून कळतं.

समोर होता सेप मायर. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक. बायर्न म्युनिकबरोबर लागोपाठ तीन वर्षं युरोपियन चषक जिंकलेला आणि १९७४ चा विश्वचषकही हातात घेतलेला. मैदानावर विदूषकी करून लोकांना हसवणारा हा माणूस आयुष्यात क्वचितच इतरांच्या हसण्याचा विषय झाला असेल.

पानेंका लांबवरून धावत आला. धाव खरी होती, खांदे खरे होते. मायर आपल्या डाव्या बाजूला झेपावला. पानेंकाचा पाय चेंडूखाली गेला, चेंडू उचलला गेला, आणि कसलीही घाई नसल्यासारखा हवेतून गेला. गल्लीतल्या पोराने शेजाऱ्याच्या कुंपणावरून पलीकडच्या दोस्ताकडे चेंडू टाकावा, तितक्या सहज. मायरने पडल्या पडल्या मान वळवून पाहिलं असेल तेव्हा चेंडू जाळ्याच्या दिशेने खाली येत होता. पानेंका हात उंचावून धावतच सुटला. ५-३. मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टीवर सुटण्याची ही पहिली वेळ. त्या रात्री सुरुवातीला उतरलेल्या अकरांपैकी आठ स्लोव्हाक होते; शेवटची किक मात्र प्रागच्या माणसाची निघाली. १९९३ मध्ये तो देशच दोन झाला. दोघांनी बरंच काही वाटून घेतलं, पण त्या रात्रीची वाटणी करता येण्यासारखी नव्हती.

जर्मनांनी मात्र त्या रात्री धडा घेतला. त्यांचा पुरुष संघ त्यानंतर कित्येक दशकं विश्वचषकात वा युरोपियन स्पर्धेत पेनल्टीच्या फेरीत हरला नाही.

* * *

घटनेला नाव मिळालं की ती घटना राहत नाही, ती वस्तू होते. कुणीही उचलावी आणि वापरावी. गावोगावी तिला नावं वेगवेगळी पडली. चेक लोक तिला ‘व्रशोवित्सेचा द्लोउबाक’ म्हणतात, म्हणजे त्या वस्तीचं टोकरणं. बोटाने नाहीतर काडीने काही टोकरून काढतो तसं. इटालियन लोक ‘चमचा’ म्हणतात, सूप उचलावं तसा चेंडू उचलतात म्हणून. ब्राझीलमध्ये तिला हलकेच खणणं म्हणतात. टोकरणं, खणणं, चमचा: तिन्ही नावांत पायाची क्रिया आहे, म्हणजे चेंडूचं काय होतं ते आहे. ‘पानेंका’ या नावात क्रियेचा मागमूस नाही. तिथे फक्त माणूस आहे. आणि जगभर टिकलं ते हेच. बार्सिलोनात २०११ साली सुरू झालेल्या एका फुटबॉल मासिकाचं नावच ‘पानेंका’ आहे.

नाव पसरलं तसा अर्थ सरकला. २००० च्या युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात फ्रान्चेस्को तोत्तीने ॲमस्टरडॅममध्ये, डच प्रेक्षकांच्या भर समुद्रात, व्हॅन डेर सारला चमचा दाखवला. तिथे ती रोमच्या पोराची मस्ती होती. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सातव्याच मिनिटाला झिदानने बुफॉनसमोर ती मारली. चेंडू दांडीच्या खालच्या बाजूला लागून आत पडला आणि बाहेर आला. ते राजाचं औद्धत्य होतं, आणि त्याच सामन्यात पुढे त्याच्याच डोक्याने दिलेली ढुशी सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० मध्ये उरुग्वेच्या सेबास्तियान आब्रेऊने घानाविरुद्धची निर्णायक पेनल्टी अशी मारली. त्याचं टोपणनावच ‘वेडा’ होतं, त्यामुळे कुणी आश्चर्य केलं नाही. २०१२ मध्ये कीव्हला आंद्रेआ पिर्लोने मारली तेव्हा इटली मागे होती आणि समोरचा इंग्लिश गोलरक्षक जो हार्ट हातवारे करून, तोंडं वेडावून समोरच्याला बिचकवत होता. पिर्लोने चेंडू उचलला. पुढच्या दोन्ही इंग्लिश पेनल्टी वाया गेल्या. २०२२ मध्ये कतारला अशरफ हकिमीने स्पेनला ती मारून मोरोक्कोला उपांत्यपूर्व फेरीत नेलं. हकिमीचा जन्म माद्रिदचा. प्रत्येकाच्या पायात किक तीच होती, पण बोलत वेगळं होती.

आणि जे फसले त्यांनी शब्दाला दुसरी बाजू दिली. १९९२ च्या मे महिन्यात वेम्बलीवर ब्राझीलविरुद्ध गॅरी लिनेकरला पेनल्टी मिळाली. इंग्लंडसाठी ४८ गोल झाले होते, बॉबी चार्लटनचा विक्रम ४९ चा. लिनेकर चेंडू उचलायला गेला, पण तो इतका लुळा निघाला की गोलरक्षकाला फारसे कष्टच पडले नाहीत. तो ४८ वरच निवृत्त झाला. २०२१ मध्ये सर्जिओ अग्वेरोने चेल्सीविरुद्ध तेच केलं. गोलरक्षक मेंडी जागेवर थांबला आणि चेंडू अलगद झेलला. त्या दिवशी जिंकलं असतं तर मँचेस्टर सिटी लीगची विजेती ठरली असती. सामना तर हरलेच, वर अग्वेरोला चाहत्यांची माफी मागावी लागली. जोरात मारून बाहेर घालवणाऱ्या होनेसला माफी मागायला कुणी सांगितलं नव्हतं. जोर लावून हुकलेल्याला लोक कमनशिबी म्हणतात, हळू मारून हुकलेल्याला बेजबाबदार.

हाच न्याय गोलरक्षकालाही लागू होतो, आणि पानेंकाचं सगळं रहस्य त्यातच आहे. २००७ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी मोठ्या सामन्यांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या. २८.७ टक्के चेंडू मधोमध गेले होते; गोलरक्षक मात्र फक्त ६.३ टक्के वेळा मध्ये थांबले होते. थांबले असते तर अधिक चेंडू अडले असते. मग झेपावतात का? कारण झेप घेऊन गोल खाल्ला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याने शर्थ केली. उभं राहून खाल्ला तर म्हणतात, हातावर हात ठेवून बघत बसला. काहीतरी करताना दिसणं हे काही न करण्यापेक्षा सुरक्षित असतं. हे पानेंकाला २८६ पेनल्टी न मोजता, चॉकलेटं हरून कळलं होतं. गोलरक्षक झेपावणारच यावर त्याची पैज नव्हती. माणूस उभा राहू शकत नाही यावर होती.

* * *

खेळाडूचं नावच खेळातला शब्द झालं की खेळाडूचं काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या घरातही आहे. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीत विनू मांकडने नॉन-स्ट्रायकर बिल ब्राउनला चेंडू टाकण्याआधी क्रीज सोडली म्हणून धावबाद केलं. नियमात बसणारं होतं, तरीही ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी त्या बाद होण्याला त्याचंच नाव चिकटवलं आणि ते दीर्घकाळ टोमण्यासारखं वापरलं गेलं. मुंबईसाठी खेळलेल्या, १९५२ मध्ये लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा करून त्याच सामन्यात पाच बळी घेणाऱ्या या माणसाचं नाव जगाच्या कानावर गेलं ते त्या एका धावबादने. २०२२ मध्ये अशा बाद होण्याला नियमांच्या पुस्तकात ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये घातलं गेलं, तेव्हा मांकड जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला होता.

पानेंकाच्या वाट्याला टोमणा नाही, टाळी आली. पण गिळून टाकण्याच्या बाबतीत टाळीही कमी नसते. तो १९८० च्या युरोपियन स्पर्धेत खेळला, तिसऱ्या क्रमांकाचं पदक घेऊन आला. परदेशी क्लबात जायची परवानगी सरकार उतारवयातल्या खेळाडूंनाच देई. तिशी उलटून गेल्यावर १९८१ मध्ये तो व्हिएन्नाच्या रॅपिड संघात गेला आणि दोन लीग जिंकला. १९८२ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाचे दोनच गोल झाले, दोन्ही त्याचे, दोन्ही पेनल्टीवर. पुढे तो बोहेमियन्सचा अध्यक्ष झाला. आणि जिथे गेला तिथे लोकांनी त्याला विचारलं ते फक्त बेलग्रेडबद्दल. त्या किकचा मला अभिमान आहे, पण माझे सगळे पास, सगळे फ्री किक तिने झाकून टाकले, असं तो म्हणतो. आपण त्या पेनल्टीचे कैदी आहोत, असंही.

‘पानेंका’ म्हणजे बाहुली, हे सुरुवातीला सांगितलं. चेक भाषेत त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपणही तेच म्हणतो: डोळ्यातली बाहुली. बुबुळाच्या मधोमधचं ते काळं वर्तुळ. दोन दूरच्या भाषांना तिथे एकच शब्द सुचला, कारण समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की त्या काळ्या वर्तुळात एक इवलीशी आकृती दिसते. ती आपलीच असते.

व्रशोवित्सेच्या मैदानावर दोन वर्षं पानेंका तेच पाहत होता: ह्रुश्काच्या डोळ्यात आपण कसे दिसतो. बेलग्रेडला मायरच्या डोळ्यात जो माणूस धावत आला, तो तोफ डागणार होता. ठिपक्यावर पोचला तो दुसराच.